मस्कतचं यंत्र आणि माझ्या राजाची उडी

माझं लग्न एका यंत्राने जमवलं.

मला डोंबिवलीची सुनंदा पसंत होती. सुनंदाला ठाण्याचा मी पसंत होतो. (असं तिच्या एका हसण्यावरून माझं मीच ठरवलेलं!) अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. आप्पा पक्के बुद्धिबळवेडे. मी वागळे इस्टेटमध्ये कायम नोकरीत आहे, एवढ्याने त्यांचं समाधान होईना. "ज्याला पुढची चाल दिसत नाही, त्याला संसार काय दिसणार?" असं ते म्हणायचे. मी भाबडेपणाने सांगून बसलो, "बुद्धिबळात आमच्या आळीत मला कुणी हरवत नाही!" (आळीत खेळणारे आम्ही दोघंच, मी आणि माझे बाबा. त्यातून बाबांना कमी दिसायचं.)

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सुनंदाचा भाऊ दिलीप मस्कतहून सुट्टीवर आलेला, आणि येताना बुद्धिबळ खेळणारं यंत्र घेऊन आलेला. आपण सोंगटी उचलून घरावर दाबायची, की यंत्र विचारात पडायचं. मग लाल दिवे लागायचे आणि त्याची सोंगटी कुठे सरकवायची ते दाखवायचे.

"तिकडचे मोठे खेळाडू याला आरामात लोळवतात," दिलीप म्हणाला, "पण आपल्यासारख्यांची पार वाट लावतं हो! मी रोज मार खातो. घरात जिंकतात ते फक्त आप्पा. दुपारी आम्ही सगळे झोपलो की बसतात, आणि उठून बघावं तर जिंकलेले!"

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "अनंतराव, तुम्ही याला हरवा. मग तारखेचं बोलू."

दाराआड बांगड्या वाजल्या.

यंत्राने पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पुढे काढलं. बाबांनी मला शिकवलेल्या खेळात प्यादं एकच घर चालतं. 'घाई झाली बिचाऱ्याला,' म्हणून मी मोठ्या मनाने सोडून दिलं. थोड्या वेळाने त्याचा राजा टुणकन हत्तीच्या पलीकडे जाऊन लपला. तेही सोडलं. सोयरीक जुळायच्या घरात वाद कशाला!

मग यंत्र विचार करायला लागलं. लाल दिवा मिणमिणत होता, पंखा संथ फिरत होता, आतून वेलची घातलेल्या चहाचा वास येत होता. मी त्या दिव्याकडे बघता बघता कुठल्या कुठे गेलो. डोंबिवलीतच एक छोटी जागा. गॅलरीत दोन खुर्च्या. संध्याकाळचं ऊन उतरतंय आणि सुनंदा समोर बसून माझा वजीर मारतेय, आणि मला त्याचं काहीच वाटत नाहीये. किती सुखाचं हरणं होतं ते!

"तुमची चाल आहे," चहा ठेवता ठेवता सुनंदा हळूच म्हणाली.

मी पटाकडे पाहिलं आणि हादरलो. वजीर तिथे खरोखरच मेला होता! शिवाय पुढच्या चालीला मात. डोळ्यांसमोरून गॅलरी गेली, खुर्च्या गेल्या, सुनंदा चालली! तेवढ्यात बाबांची शिकवण आठवली. शह बसलेला नसेल, तर राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडता येतं! उडवला राजा. दाबला घरावर.

यंत्र रडक्या आवाजात ओरडलं, "कुंऽऽई!"

पुन्हा दाबला. "कुंऽऽई!"

"अहो, काय करताय?" दिलीप ओरडला. "राजा कधी उडतो का?"

"आमच्याकडे उडतो!"

"ते देशी नियम झाले! यंत्राला कसे कळणार?"

"वा रे वा! त्याचा राजा हत्तीमागे लपला ते चालतं, आणि माझा उडाला की गुन्हा?" माझा आवाज चढला. (सासरच्या घरात तो शेवटचाच.)

"चूक चाल केली की यंत्र असं ओरडतं! पुस्तिकेत लिहिलंय!"

आता संपलं सगळं, असं वाटून मी खाली मान घातली. आणि आप्पा खुर्चीतून ताडकन उठले.

"गप्प बस, दिल्या! चूक चाल कसली? कुंई केलं म्हणजे यंत्र हरलं. माझा राजा उडाला की रोज दुपारी हे असंच रडतं. मग मी पट आवरून ठेवतो."

दिलीपने आ वासला. "आप्पा... म्हणजे तुम्ही रोज..."

"सुनंदा," आप्पा म्हणाले, "जावईबापूंना साखर दे."

लग्न झालं. गॅलरीही मिळाली, खुर्च्याही मिळाल्या, आणि सुनंदा खरंच समोर बसून माझा वजीर मारायला लागली. वर्षं अशी अलगद गेली की चहाही गार झाला नसावा. नव्वदच्या दशकात एक दिवस पेपरात बातमी आली, संगणकाने बुद्धिबळातल्या जगज्जेत्यालाच हरवलं. मला दिवसभर चैन पडेना. संध्याकाळी न राहवून आप्पांना फोन लावला.

"आप्पा, वाचलंत का? जगज्जेता हरला हो!"

पलीकडे आप्पांनी खोल उसासा टाकला.

"राजा उडवायचं सुचलं नसेल बिचाऱ्याला."

खरं सांगतो, पेपर वाचल्यापासून मी त्याच विचारात होतो.