भागाबाईनं मागून नेलेला खराटा

शहरात, उस्मानपुऱ्यात लेकाकडं मेथी निवडत बसले होते, तेव्हा चितेगावाहून भागाबाईच्या सुनेचा फोन आला. "मावशी, आत्याबाई गेल्या... सकाळी चहा घेतला अन् बसल्या बसल्याच." जुडी हातात तशीच राहिली. त्याला आता महिना होऊन गेला.

भागाबाई मेंढरं राखणारी. दर साल सुगी झाली की तिची मेंढरं आमच्या वावरात बसायची, लेंड्यांचं खत व्हायचं, अन् मला बोलायला माणूस मिळायचं. मला बोलायला लई लागतं, हे तुम्हाला कळलंच असेल. वावराला लागून मोसंबीची बाग. आमच्या मालकांनी लावलेली, त्यांच्यामागं मीच सांभाळलेली. माझी खोड एकच, बाग अंगणासारखी लख्ख पाहिजे. रोज खराट्यानं झाडायची अन् पाला पेटवून द्यायची. भागाबाई काठीवर हनुवटी टेकून बघायची.

"वैनी, इथं पंगत बसवायची का?"

"कचरा दिसला की लोक नावं ठेवतात."

"लोक पाणी घालत्यात व्हय तुमच्या झाडांला?"

दोन सालांमागं होळीलाच विहिरीनं तळ दाखवला. बाग जाती का राहती, असं झालं. भागाबाई म्हणाली, पाला, तुरीचं भुसकट, वाळलं गवत, असेल ते झाडाच्या बुडाशी वीतभर अंथरा, जमीन उघडी ठेवू नका. मी ऐकलं, पण अर्धंच. आतल्या ओळी तिच्या हवाली केल्या, रस्त्याकडच्या दोन मात्र झाडतच राहिले... येणारे-जाणारे बघतात ना. पाणी सगळ्यांना सारखंच, विहिरीत झिरपेल तेवढं, हंड्यानं. मे सरता सरता रस्त्याकडची झाडं वाळून गेली. आतली जगली. तिनं माझा हात धरून पाल्याखाली घातला. माती गार होती. मला रडूच आलं. मी सांगत नव्हते का, असं ती कधी म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "तो खराटा मला द्या आता, वैनी. मेंढरांचा वाडा झाडीन."

दहाव्याला गेले तेव्हा सुनेनं तोच खराटा हातात ठेवला, झिजून वीतभर उरलेला. "आत्याबाई म्हणायच्या, हा वैनीचा हाय."

रस्त्याकडच्या ओळींत आता नवी रोपं लावलीत. तिथं बसून खराट्याची सुतळी सोडली, काड्या एका रोपाच्या बुडाशी पसरल्या, वरून पाला टाकला. बागेत गेले की आधी तिथं हात घालून बघते... अन् तिनं विचारल्यासारखं सांगते, हाय गं, ओल हाय.