उजव्या खांद्यावरून

माझ्या लहान ट्रॅक्टरला जोडता येईल असं, गवताचे चौकोनी गठ्ठे बांधणारं जुनं बेलर पाहायला मी कारंजा घाडग्याजवळच्या एका गावी गेलो होतो. विकणारा साठीचा होता. चार पावलं चालला की उजव्या खांद्यावरून मागे बघायचा. ट्रॅक्टरवर बसून मागच्या बेलरवर नजर ठेवायची, त्यानं मानेला ती सवयच जडली असावी.

जुनी मशीन विकणारे आधी नवा रंग दाखवतात. यानं आधी खोट दाखवली.

"एका बाजूची गाठ कधी कधी सुटते, भाऊ. बांधाले मांगं माणूस लागते."

"मग इतकी वर्षं दुरुस्त काऊन नाही केली?"

"गरजच नाई पडली. मांगं आमची घरची राहे. गाठ मारली का हात वर करे, मंग ट्रॅक्टर पुढं जाये." बेलरवरचं गवत झटकत म्हणाला, "पोळ्याच्या आधी गेली ते."

मग त्यानं वाळल्या गवतात एक फेरी मारून दाखवली. तिसरा गठ्ठा बाहेर पडताच सुटला. त्यानं ट्रॅक्टर थांबवला, पण इंजिन सुरूच ठेवलं आणि खांद्यावरून मागे बघत बसून राहिला. उतरेना.

मला ते बघवेना. मी शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून धावत गेलो, वाकून दोरी बांधली आणि हात वर केला.

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग इंजिन बंद केलं.