क्राफ्ट मास्तरला लागू पडलेले अर्थ

शाळेतले किस्से लाकडाच्या भुशासारखे असतात. रोज झाडून काढा, तरी संध्याकाळी सदऱ्याच्या खिशात थोडा निघतोच. माझ्या खिशात साचले ते बहुतेक 'क्राफ्ट' या एकाच शब्दाचे. विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्याच साली मी उमरखेड तालुक्यातल्या एका गावी शाळेत सुतारकाम शिकवायला लागलो, तेव्हापासूनचे.

* * *

नेमणुकीचा कागद इंग्रजीत होता. त्यावर 'क्राफ्ट टीचर' असं टाइप केलेलं. माझे वडील जन्मभर वखरं आणि बैलगाड्या करणारे सुतार. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि क्राफ्ट म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, सुतारकाम.

"मंग तसंच काहून नाही लिहिलं?"

"बा, सुताराले पेन्शन भेटत नाही. क्राफ्ट टीचरले भेटते."

बांनी कागद घडी करून परत दिला. मग म्हणाले, "मंग मले कायले सुतार ठेवलं रे इतके दिवस?"

* * *

आमच्या शाळेत इंग्रजीला असरकर सर होते. भला माणूस, पण डिक्शनरीशिवाय चहासुद्धा प्यायचा नाही. एकदा त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं की क्राफ्टचा मूळचा अर्थ ताकद. कौशल्य वगैरे मागाहून आलं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून कपाट हलवायचं असो, फुगलेलं दार उघडायचं असो, की चिखलात रुतलेली गाडी काढायची असो, हेडमास्तर मलाच बोलावणं धाडायचे. पंधरा दिवसांनी मी कंबर धरून असरकर सरांकडे गेलो आणि म्हटलं, "सर, याचा दुसरा एखादा हलका अर्थ असन तर पाहा ना."

* * *

तो अर्थ पैनगंगेत सापडला. एका मास्तरच्या लग्नाला आम्ही पलीकडे चाललो होतो. मधोमध आल्यावर डोंग्याची एक फळी सुटली आणि पाणी आत यायला लागलं. मी उपरण्याचा बोळा करून फटीत ठोकला आणि वरून गुडघा दाबून बसलो. असरकर सरांना पोहता येत नव्हतं. भीती वाटली की ते शिकवायला लागत. डोळे गच्च मिटून ते म्हणाले की छोट्या नावेलाही इंग्रजीत क्राफ्टच म्हणतात.

नावाड्याने त्यांच्या हातात डबा दिला. "गुर्जी, अर्थ काठावर सांगा. आता पानी उपसा."

काठाला पाय लागले तेव्हा असरकर सर वाळूत बसूनच राहिले. मीही बसलो. लग्न लागून गेलं होतं, पण जेवणं व्हायची होती.

* * *

एकदा सरांनी वर्गात 'विचक्राफ्ट' शब्द शिकवला, त्याचा अर्थ जादूटोणा. जवळच्या तांड्यावरच्या एका पोराने घरी जाऊन सांगितलं की आमच्या शाळेत हेच क्राफ्ट, म्हणजे जादूटोणा, शिकवतात. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप, राठोड, शाळेत हजर. मला वाटलं, आता पोराचं नाव शाळेतून काढणार. माझ्या वर्गात इनमिन अकरा पोरं, त्यातलं एक गेलं की वर्गच बंद पडायची भीती.

मी त्या पोराने केलेला पाट पुढे ठेवला. राठोड त्यावर बसला. उजवीकडे झुकला, डावीकडे झुकला. पाट हलला नाही.

"घरचा पाट डुगडुगते," तो म्हणाला. "ह्याच्यात जादू असन, तर मी दोन पुतणे आनखी धाडतो."

* * *

माझी नोकरी कायम व्हायच्या वर्षी हेडमास्तरांना माझ्यावर उपकार करायची लहर आली. शिक्षकांवरचा दरवर्षीचा शेरा ते असरकर सरांकडून लिहून घेत. त्या वर्षी त्यांनी तो स्वतः, इंग्रजीत लिहिला. क्राफ्ट जाणणारा तो क्राफ्टी, असा हिशोब करून लिहिलं की हा फार क्राफ्टी शिक्षक आहे.

महिन्याभरात यवतमाळच्या शिक्षण खात्याच्या कचेरीतून पत्र आलं, की खुलाशासाठी दोघांनीही हजर व्हावं. असरकर सरांनी डिक्शनरी उघडली, वाचली आणि मिटली. मग हळूच सांगितलं, की क्राफ्टी म्हणजे लबाड.

बायकोला दिवस गेले होते. तिला काही न सांगता मी एसटीत बसलो. हेडमास्तर शेजारी होते. रस्ताभर ते खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मी माझ्या हातांकडे.

साहेब शांत माणूस होते. त्यांनी शेरा मोठ्याने वाचला, चष्मा काढला आणि हेडमास्तरांना विचारलं, "हा माणूस खरंच लबाड आहे का?"

"नाही साहेब," हेडमास्तर कळवळून म्हणाले. "लबाडी त्याले जमतच नाही. हजेरीच्या वक्ती मी लय सांगून पाह्यलं. अकरा पोरांचे एकवीस काही त्यानं केले नाही."

साहेबांनी चष्मा परत चढवला.

क्राफ्टी हा शब्द खोडला, त्यावर 'ऑनेस्ट' लिहिलं आणि माझ्या कागदावर कायमची सही केली. मी हात जोडले.

"तुम्ही या आता," साहेब मला म्हणाले. मग हेडमास्तरांकडे वळले.

"तुम्ही जरा बसा."