गोष्ट संपल्याशिवाय बूच निघणार नाही

अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्ग गावात सगळ्यांत उत्तम व्हिस्की आमच्या शेजारच्या काकांकडे होती, आणि सगळ्यांत जास्त माणसं तिथूनच कोरड्या घशानं परत जायची. काकांचा नियमच होता: बाटलीची गोष्ट संपल्याशिवाय बूच काढायचं नाही. ब्रँड कायम एकच, कॅनडातला. तिथल्या कारखान्याच्या लॅबमध्ये काकांनी तरुणपणी दोन वर्षं काम केलं होतं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी पुढं तीस वर्षं पाहुण्यांना छळलं. स्वतः मात्र ताक प्यायचे! गोष्ट सुरू व्हायची मूळ मालकापासून. त्या बाबाची पिठाची गिरणी. उरलेल्या धान्याचं करायचं काय, म्हणून त्यानं भट्टी लावली. मग अमेरिकेतली दारूबंदी, मग सरोवरातून चोरून येणाऱ्या होड्या. तोवर काकूंची भजी संपलेली असायची.

"अहो, घोटभर द्या तरी त्यांना!" काकू आतून ओरडायच्या.

"थांब गं, अजून पिंपं यायचीयत!"

काकांचा जीव खरा व्हिस्की बनवण्याच्या भागात. "मका वेगळा, राय वेगळी! राय म्हणजे गव्हाचं लांबचं भावंड. ज्याची त्याची भट्टी, ज्याचं त्याचं पिंप. नीट मुरल्यावर मग एकत्र. नाहीतर आपली इथली मराठी मंडळं बघ, आधी एकत्र येतात आणि मग भांडून वेगळी होतात." एकदा कुणीतरी म्हणालं, सगळं एकत्रच शिजवत असतील. काकांनी बाटली उचलून सरळ कपाटात ठेवली.

२००२मध्ये माझी नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसाही. निरोप घ्यायला गेलो, तर काका गोष्ट पिंपांपर्यंत आणून थांबले. "लाकडात तीन वर्षं मुरल्याशिवाय तिकडचा कायदा तिला व्हिस्की म्हणू देत नाही. तूही पुण्यात मुरून ये. उरलेली गोष्ट तेव्हा." आणि त्यांनी बाटलीवर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली. मी मनातून चिडलो होतो. जाणाऱ्या माणसाला तरी पाजावी की!

चार वर्षांनी पुन्हा अमेरिकेत आलो आणि काकूंना फोन केला. काकांना पक्षाघात झाला होता, वाचा गेली होती. "डॉक्टर म्हणतात, बोलतील. पण हे तोंडच उघडत नाहीत रे," काकू म्हणाल्या.

लगेच गाडी काढली. खुर्चीतल्या काकांनी नुसतं कपाटाकडे बोट केलं. बाटली तशीच, चिठ्ठीही तशीच. मी बुचाला हात घातला, तर काकांचा हात त्यावर येऊन बसला. नियम म्हणजे नियम. मग मीच सुरुवात केली. गिरणी, दारूबंदी, होड्या. काका डोळे मिटून ऐकत होते. व्हिस्की बनवण्याचा भाग आला तेव्हा मी त्यांच्याकडे बघत म्हणालो, "मग मका आणि राय एकाच भांड्यात शिजवायची."

काकांचे डोळे खाडकन उघडले. हात खुर्चीवर आपटला.

"हो ना काका? एकाच भांड्यात?"

चेहरा लालबुंद झाला, ओठ वाकडे झाले. "वे... वेगळी!"

काकू पिठाचे हात घेऊन बाहेर धावल्या आणि दारातच मटकन खाली बसल्या.

मी थांबतोय कसला! "आणि पिंप मात्र एकच."

"वे... गळं!"

त्या दुपारी मी त्या गोष्टीत मुद्दाम इतक्या चुका केल्या, की ती काही संपलीच नाही. बूच तसंच राहिलं. नेहमीसारखा कोरड्या घशानं निघालो, आणि गाडीत बसून पोटभर रडलो.