कडूबाची जोडी पुण्याला गेली

आमच्या तीर्थपुरीत कडूबाचं दुकान म्हणजे बैलांचं माहेर. घुंगरमाळा, गोंडे, मोरक्या, झुली. पोळ्याला तिथं पाय ठेवायला जागा नसायची. मी समोरच राहतो, त्यामुळं गिऱ्हाइकं मोजायचं काम माझ्याकडंच. पुढं गावात ट्रॅक्टर आले आणि माझं काम हलकं झालं.

२००९ च्या उन्हाळ्यात त्याच्या थोरल्या भावानं, रामरावनं, सांगूनच टाकलं : दुकानाची खोली दोघांची आहे. पोळ्यापर्यंत गावाबाहेरचं एक तरी गिऱ्हाईक आण, न्हाईतर तिथं मी ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान टाकतो.

दुसऱ्या दिवशी कडूबा सकाळच्या एसटीत. वय चव्वेचाळीस, डोक्यावर टोपी, काखेत नवी वही. जालन्याला कॉम्प्युटरच्या क्लासला निघाला होता म्हणे. मी गावात एवढंच पसरवलं, की गडी रोज नटूनथटून शहरात जातो, कारण विचारू नका. त्यावर कडूबाच्या बायकोनं, नंदावहिनींनी, आठ दिवस आमच्या घरी विरजण दिलं न्हाई.

क्लासात शिकवणारी बेबीनंदा त्याच्या लेकीच्या वयाची. हा तिला मॅडम म्हणायचा, ती याला काका. तिनं समजावलं, की साधी वेबसाइट नुसता माल दाखवते; तिला दुकानाचं प्लगइन जोडलं की भाव, पिशवी, पैसे भरायची जागा, सगळं येतं.

"म्हंजे पेरायच्या तिफणीला चाडं बांधल्यासारखं," कडूबा म्हणाला. "चाडं न्हाई तर बी पडत न्हाई, नुसत्या रेघोट्या."

मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं. ही गोष्ट मला खुद्द कडूबानं सात वेळा सांगितली, त्यामुळं खरी असावी.

घरी जुना कॉम्प्युटर आला. प्लगइन जोडलं आणि पान कोरं पांढरं पडलं. बैल चरायला गेले का, असं मी विचारून पाहिलं. त्याचं आपलं एकच : वही उघडायची, जोडलेलं काढायचं, पुन्हा जोडायचं. पाचव्या खेपेला दुकान उभं राहिलं. सजवलेल्या बैलांचे झकास फोटो. एका फोटोत मागं मी दाढी करताना आलोय. तो काढ म्हणून मी अजून सांगतोय.

श्रावण सरत आला. रामराव टेप घेऊन येऊन खोली मोजून गेला. अन् पोळ्याला आठ दिवस असताना ऑर्डर आली. पुण्याच्या उषाबाई, घुंगरमाळ, नग एक. कडूबानं त्याच दिवशी पार्सल पोस्टात टाकलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. रामराव टेप घेऊन दुकानातच होता. कडूबानं मोठ्या आवाजावर लावला, म्हणून मीही, सहजच, पायरीवर जाऊन बसलो. बाई म्हणत होत्या, मागवली एक, आल्यात दोन. परत पाठवू का?

रामराव पुटपुटला, "माल परत आला तर गिऱ्हाईक धरायचं न्हाई बरं का."

कडूबाला मात्र चूकच कळेना. "ताई, माळ जोडीनंच असती. एका बैलाला नटवून दुसऱ्याला उघडा कोन ठेवतं? भाव बी जोडीचाच हाय."

कॉम्प्युटरवरच्या दुकानात 'जोडी' हा शब्द त्यानं कुठंच लिहिला नव्हता. आमच्याकडं लिहायची गरजच पडत न्हाई.  पलीकडं बाई हसल्या.

"माझ्याकडं बैल नाहीत हो. दाराला लावायची होती. आता दोन्ही बाजूंना लावते."

रामरावनं टेप खिशात घातला. कडूबानं फोन ठेवला आणि पहिलं काम काय, तर मालाच्या नावापुढं 'जोडी' लिहिलं. दसऱ्याच्या आत उषाबाईंच्याच सोसायटीतून अठ्ठावीस जोड्यांची ऑर्डर आली. नंदावहिनींच्या हाताखाली तीन बाया घुंगरं ओवायला बसल्या. आम्हाला विरजणही सुरू झालं.

आता आष्टी-धावड्याहून लोक आपलं दुकान बनवून घ्यायला कडूबाकडं येतात. परवा नंबर रामरावचा होता. ट्रॅक्टरचं सामान विकायचंय, पण खोली नको, कॉम्प्युटरवरच टाकून दे म्हणाला. कडूबानं त्याला पोत्यावर बसवलं, चष्मा लावला आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"दादा, टायर जोडीनं का सुटं? बराबर सांगा. पुण्याहून फोन येतेत."