नॉब तिच्या हातात होता

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा हसून पान उलटतो. माझा धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा. कोणी म्हणालं घरात लाइट आपोआप लागतो, की मी आधी स्विच उघडतो. रेडिओ बंद असताना बोलतो म्हणाले, तर अर्थिंग तपासतो. अशी पाच-सहा ‘भुतं’ मी स्क्रू-ड्रायव्हरने उतरवली आहेत. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो... पण ज्यांच्यासाठी इतकी वर्षं गप्प राहिलो ते दोघं नवरा-बायको आता नाहीत, आणि माझंही वय झालं.

वरोऱ्याची गोष्ट. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. बसस्टँडकडून कापसाच्या मार्केटकडे जाताना डाव्या हाताला माझं दुकान होतं. आठ बाय दहाची खोली, मध्ये फळ्यांची भिंत, आणि पलीकडे सत्तारभाई टेलर. टीव्ही तेव्हा नवीन नवीन येत होते. लोक घरावर पाइप उभे करून अँटेना लावायचे, आणि तरी पडद्यावर मुंग्याच जास्त दिसायच्या.

एक दिवस रामटेके भाऊ आले. जिनिंगमध्ये फिटर होते, स्टेशनच्या मागच्या वस्तीत राहायचे. म्हणाले, घरी येऊन एक वस्तू बघून जा, ती टीव्हीला जोडूनच बघावी लागते. वस्तू म्हणजे व्हिडिओ गेम. त्यांचा मेव्हणा आखातात कामाला होता, त्याने भाचीसाठी पाठवलेला. पुस्तकाएवढा प्लास्टिकचा डबा, त्याला वायरीने लावायचे दोन नॉब. अँटेनाच्या जागी डबा जोडायचा. मग पडद्यावर एक पांढरी दांडी आणि एक पांढरा ठिपका यायचा. दांडी म्हणजे बॅट, ठिपका म्हणजे चेंडू. नॉब फिरवला की बॅट वर-खाली. चेंडू भिंतीवर मारत राहायचं, बस्स.

मी गेलो तेव्हा त्यांची मुलगी, सुजाता, टीव्हीपासून वीतभर अंतरावर बसून खेळत होती. वीस-एकवीसची असेल, पण अंगाने चौदाची वाटायची. लहानपणापासून तिला रक्ताचा आजार. आज आपण सिकलसेल म्हणतो, तेव्हा आमच्याकडे ते नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं. सांधे ठणकायचे, रक्त कमी पडायचं, मग नागपूरला न्यायचं, रक्त चढवून परत आणायचं. कॉलेज सुटलं होतं. आणि त्या वर्षी नजर जाऊ लागली होती. वाचता येत नव्हतं, माणसाचा चेहरा दिसत नव्हता. काळ्यावर पांढरं ठळक असेल तेवढंच दिसायचं. म्हणून हा गेम. दिवसभरात तिला दिसणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

तिने मला नीट समजावून सांगितलं, एखाद्या मेकॅनिकने सांगावं तसं.

“भाऊ, चेंडू धुक्यात जाते. कडेला गेला का दिसतच नाई. आन आवाज डब्यातून येते, लई बारीक. बॅटीचा आवाज येगळा आहे, भिंतीचा येगळा आहे. तो मोठा आला तर मी कानानं बी खेळीन.”

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. डबा आपलं चित्र अँटेनातून जाण्यासारखं करून पाठवतो आणि टीव्ही ते परत सोडवतो, त्यात ते पुसट होतं. मधला टप्पा काढून चित्र सरळ टीव्हीच्या आत दिलं तर रेघ कापल्यासारखी दिसते. आवाजही तसाच वेगळा बाहेर काढून मोठ्या स्पीकरला देता येतो. मी म्हणालो, होईल. पण तुमच्या टीव्हीला थेट वायर जोडली तर शॉक बसायची भीती आहे. माझ्याकडे बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही पडलेला आहे, त्याला सॉकेट बसवून देतो. आठ दिवस द्या.

मी डबा उचलला. नॉब काढायला गेलो तर तिने ते छातीशी धरले.

“हे राहू द्या माह्यापाशी. हात विसरते नाई त.”

मला चाचणीसाठी त्यांची गरज नव्हती, ठेवू दिले.

आठ दिवसांचे पंचवीस झाले. लग्नसराई होती, ज्याला त्याला टीव्ही हवा होता, मी रोज कोणाच्या ना कोणाच्या छपरावर. रामटेके भाऊ कामावरून सुटले की दारात सायकल टेकवून उभे राहायचे. तगादा कधी केला नाही. एवढंच म्हणायचे, “पोट्टी इचारते.” मी म्हणायचो, उद्या. एकदा म्हणाले, आता दिवसाचं बी अंधारात आहो म्हणते. तरी मी म्हणालो, उद्या.

शेवटी एका दुपारी बसलोच. डब्याच्या मागे दोन भोकं पाडली. एक सॉकेट चित्राचं, एक आवाजाचं. चित्राची वायर छोट्या टीव्हीत, आवाजाची जुन्या रेडिओच्या स्पीकरला. तीन वाजले असतील. ऊन दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं. मी टीव्ही लावला, डबा चालू केला.

चित्र असं आलं की मीच बघत राहिलो. काळंभोर, आणि त्यावर खडूने ओढल्यासारखी रेघ. नॉब जोडलेला नसला की बॅट तळाला जाऊन बसते. तशी ती बसली होती. चेंडू यायचा, मोकळ्या जागेतून निघून जायचा, परत यायचा. मी आवाज थोडा वाढवला आणि वायरींना डाग द्यायचा कैया आवरायला घेतला.

टक.

तो बॅटीचा आवाज होता. वर पाहिलं तर बॅट तळाला नव्हती. मधोमध होती. चेंडू भिंतीवर आपटून परत आला, बॅट त्याच्यासाठी दोन बोटं वर सरकली. टक. परत आला, खाली गेली. टक.

मी आधी हेच म्हणालो की लूज कनेक्शन. मोकळ्या पिनेवर इकडची तिकडची खरखर येते, बॅट थरथरू शकते. मी डबा उचलून पाहिला. नॉबच्या दोन्ही जागा रिकाम्या, आत धूळ. पण बॅट थरथरत नव्हती. ती वाट बघत होती. चेंडू दूर असला की थांबायची, जवळ आला की हळूच हलायची, क्वचित चुकायची आणि चुकली की पुढच्या वेळी आधीपासून तयार राहायची. असं माणूस खेळतं.

फळ्यांपलीकडचं शिलाई मशीन थांबलं. सत्तारभाई गळ्यात टेप तसाच ठेवून दारात आले. म्हणाले, कौन खेल रहा है? मग त्यांनी माझे हात बघितले, टेबल बघितलं आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आम्ही दोघं किती वेळ बघत होतो सांगता येणार नाही. दहा मिनिटं तरी. ती बॅट अगदी शांतपणे खेळत होती... घाई नाही, काही नाही. शेवटी शेवटी तर चुकतच नव्हती.

आणि मग मला भीती वाटली. दुसरं कारण नाही. मी हात लांब केला आणि डब्याचा प्लग ओढला.

सत्तारभाई हलक्या आवाजात म्हणाले, “काऊन बंद केलं?” का ते न सांगता मी वायर गुंडाळायला लागलो. ते परत जाऊन मशीनवर बसले.

खरं तर काम झालं होतं. सायकलवर दहा मिनिटांत नेऊन देता आलं असतं. मी डबा फडक्यात गुंडाळून टेबलाखाली ठेवला. तो दिवस आणि पुढचा दिवस त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःचीच लाज वाटली. टीव्ही, स्पीकर, डबा, सगळं सायकलला बांधून रामटेकेंकडे गेलो.

दारात चपला होत्या. खूप चपला. आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, समोर मेणबत्त्या, बायका भिंतीला टेकून बसलेल्या. आदल्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात सुजाता गेली होती.

मी सामान बाहेरच ठेवलं. रामटेके भाऊंनी माझा हात धरून मला बसवलं. तिची आई, शांताबाई, बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळली. मी काही विचारलं नव्हतं. तिने आपणहून सांगायला सुरुवात केली.

परवा दुपारी तिला ताप होता, म्हणाली. खाटेवर पडून होती. नॉब हातात, वायर खाटेखाली लोंबत. तीनच्या सुमाराला उठून बसली आणि नॉब फिरवायला लागली. आईला वाटलं, तापात करते आहे. तर हसली. म्हणाली, आई, चेंडू आता साफ दिसते. आवाज बी मोठा येते. आईने डोक्यावरून हात फिरवला, झोप म्हणाली. तर म्हणते, थांब, दोघं जण पाहून राह्यले मले. कोण दोघं, असं आईने विचारलं.

शांताबाई माझ्याकडे बघत होती. “म्हणे, एक रेडिओवाला भाऊ आहे. एकाच्या गळ्यात टेप आहे, कपडे मापाचा.”

सुजाता कधी माझ्या दुकानात आली नव्हती. शेजारी टेलर आहे हे तिला कोणी सांगितलं असेल, नाकारत नाही. पण त्या दुपारी तो टेप गळ्यात घेऊन माझ्याजवळ उभा होता, हे मी आणि सत्तारभाई सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

मी विचारलं, मग?

“मंग एकदम थांबली. म्हणे, बंद केलं त्यानं. काऊन बंद केलं, आई? मी म्हटलं, कोणी बंद नाई केलं बेटा. नॉब खाली ठेवला तिनं, आन भिंतीकडं तोंड करून निजली. मंग बोललीच नाई. संध्याकाळी नागपूरले नेलं.”

एवढं सांगून शांताबाईने पदर तोंडावर घेतला. तेव्हाच सांगायला हवं होतं. प्लग मी ओढला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, सामान बाहेर ठेवलं आहे. आणि उठलो.

पंधरा-वीस दिवसांनी रामटेके भाऊंनी बोलावून सगळं जोडून घेतलं. नॉबही लावले. शांताबाई जमिनीवर बसली, तिने आयुष्यात पहिल्यांदा तो नॉब हातात धरला. तिला जमत नव्हतं, चेंडू सारखा निघून जायचा. तरी तास-तास खेळायची, असं भाऊ नंतर सांगायचे. स्पीकर त्यांनी कधी बंद केला नाही म्हणे.

मी पुढे तसाच एक डबा मुद्दाम मिळवला. नॉब न लावता, तशाच वायरी काढून, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तासांना चालू करून बघितला. बॅट तळाला बसते. कधी थरथरते. बस्स. शिकलेल्या इंजिनिअर मंडळींनाही विचारलं. ते मोकळ्या पिनेचं सांगतात, मीही तेच सांगतो. पण मोकळ्या पिनेला चेंडूची वाट बघता येत नाही, आणि माझ्या शेजाऱ्याच्या गळ्यातला टेपही दिसत नाही.

तेव्हा स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही, आणि आता मिळेल असंही वाटत नाही. लोक विचारतील, भीती वाटली का? त्या दिवशी वाटली. नंतर कधी नाही. नंतर फक्त एवढंच मनात येतं की ती छान खेळत होती... आणि मी हात लांब केला नसता, तर अजून थोडा वेळ खेळली असती.