अक्षरी रुपये सत्तर फक्त

लेकीला आम्ही बालवाडीत घातलं नाही. वाघोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत मीच तिला शिकवत होते. ग, म, भ, न झाल्यावर काना-मात्रा आणि त्याच्या जोडीला पैसे. पैशांचं मी मुद्दाम घेतलं होतं. भाजीवाल्याला आम्ही फोनवरूनच पैसे द्यायचो, त्यामुळे ‘पैसे म्हणजे काय?’ असं विचारल्यावर ती म्हणाली होती, ‘‘फोन टिंग वाजतो ते.’’ मग मी नाणी आणि सुट्ट्या नोटा आणल्या, रिकाम्या डब्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या आणि रोज आमचं दुकान मांडायला लागले.

नवऱ्याला हे मान्य होतं, सासऱ्यांना नव्हतं. सासूबाई गेल्यावर ते नागपूरहून आमच्याकडे राहायला आले होते. पोस्टात मनीऑर्डरच्या खिडकीवर त्यांची सगळी नोकरी झालेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, ‘‘पोरीला शाळा काऊन नाही?’’ मी माझी सगळी कारणं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मला तेच खटकलं. इतक्या लवकर गप्प बसणारा माणूस नव्हता तो.

थोड्याच दिवसांत ते रोज साडेदहाला नातीला घेऊन सोसायटीच्या बागेत जायला लागले. तासाभराने परत यायचे. मला तेवढीच उसंत मिळायची, म्हणून मी काही विचारलं नाही.

एक दिवस दुकान खेळताना लेकीने साबणाच्या डब्यासाठी नवी चिठ्ठी लिहिली. ७०, आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरांत ‘अक्षरी रुपये सत्तर फक्त’. मी बघतच राहिले. जोडाक्षरांपर्यंत आम्ही अजून पोचलोच नव्हतो.

‘‘हे कोणी शिकवलं?’’

‘‘ती आमची गंमत आहे,’’ ती म्हणाली आणि डबे लावायला लागली.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. एकदा तिच्या अंगठ्याला निळी शाई दिसली. मी तिला फक्त पेन्सिल देत असे. मग खाली रखवालदाराला सहज म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘बाग? दहाला बंद करतो मॅडम, पाणी मारायचं असतं.’’

नवऱ्याला सांगितलं, तर लॅपटॉपवरून मान न उचलता तो म्हणाला, ‘‘तू उगाच डोक्यात घेतेस.’’ तेव्हा मला वाटलं, हाही सामील आहे.

शेवटी मी सासऱ्यांची कापडी पिशवी उघडली. आजही त्याची लाज वाटते. चष्मा, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा आणि तळाशी घडी घातलेला जवळच्या शाळेच्या प्रवेशाचा अर्ज. लेकीचं नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं त्यांच्या सुवाच्य अक्षरात भरलेलं. पालकांच्या सहीची जागा तेवढी कोरी. मी अर्ज होता तसा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागे निघाले.

मला वाटलं होतं, ते शाळेच्या गल्लीला वळतील. ते सरळ नगर रस्त्यावरच्या बँकेत शिरले. काचेतून मी पाहिलं. ते बाकावर बसले आणि बांधकामावरची एक बाई त्यांच्याकडे स्लिप घेऊन आली. आकडा विचारून त्यांनी ती भरून दिली. बाईने शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. शेजारी माझी लेक वाया गेलेल्या स्लिपांच्या पाठीवर तेच आकडे अक्षरांत लिहीत होती. मी आत गेले, तरी ते दचकले नाहीत. त्यांनी मला आधीच पाहिलं होतं की काय, हेही मनात येऊन गेलं.

‘‘बाबा, तुम्ही बाग म्हणून सांगितलं होतं.’’

‘‘बँक म्हटलं असतं तर पाठवलं असतंस?’’

‘‘आणि पिशवीतला तो अर्ज?’’

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग चष्मा काढून म्हणाले, ‘‘सही तुमची लागते, म्हणून थांबलो. माझा बाप शाळेच्या पडवीत बसून शिकला, बेटा. आत घेत नव्हते. तू छान शिकवतेस, मी पाहतो ना रोज. पण आपल्या घरचं लेकरू आपण होऊन शाळेबाहेर बसवायचं, हे मला पाहवत नाही.’’

नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळच्या गोष्टी ते सांगत, त्या मला ठाऊक होत्या. ही पडवी त्यांनी कधी सांगितली नव्हती. तरी माझा राग पुरता गेला नव्हता. ‘‘हे समोर बसून सांगायचं होतंत,’’ एवढंच मी म्हणाले. लेक माझ्या हाताला अंगठा दाबून ठसा उमटतोय का बघत होती.

महिनाभर मी सही केली नाही. नवऱ्याला खरंच काही माहीत नव्हतं. त्याला ते पटवून द्यायला बरेच दिवस लागले, कारण मी विश्वासच ठेवत नव्हते. मग एका सकाळी चहा घेताना मीच बाबांकडे अर्ज मागितला आणि सही केली. बाल्कनीतलं दुकान संध्याकाळी चालू राहील, ही माझी अट त्यांनी लगेच मान्य केली.

जूनमध्ये ती पहिलीत गेली. पहिल्या दिवशी सोडायला आजोबा येतील असं आम्ही गृहीत धरलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून तयारही झाले आणि ऐनवेळी म्हणाले, ‘‘तुम्हीच जा. माझा गुडघा दुखतोय.’’ मला ते खरं वाटलं नाही. पण शाळेच्या दारातून लेक आत गेली, तेव्हा त्यांनी सांगितलेली ती पडवी मला आठवली.